उत्तर स्वीडनमध्ये फील्ड स्वयंसेवक: दिवस कसा जातो आणि जाण्याआधी काय विचारायचं



एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून मला एक प्रश्न हमखास येतो. "ताई, परदेशातल्या एका रिसर्च ग्रुपबरोबर व्हॉलंटियर म्हणून जायची संधी आहे. पगार नाही. जावं का?" याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. तिथे दिवसभर नेमकं काय करायचं असतं आणि त्या कामाची किंमत काय, हे कळल्याशिवाय तुम्हालाही ते ठरवता येणार नाही. म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

पीएचडीला प्रवेश घेण्याआधी मी एक उन्हाळा स्वीडनच्या उत्तर टोकाला, आबिस्को परिसरात, एका संशोधन गटाबरोबर विनावेतन क्षेत्र-सहाय्यक म्हणून काम केलं. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. त्या तीन महिन्यांत एक गोष्ट मला पक्की समजली. थंड देशात तुम्ही काय घालता, किती झोपता, कधी जेवता आणि वहीत कसं लिहिता याचा डेटाच्या गुणवत्तेशी थेट संबंध असतो. आता हे जरा सविस्तर सांगते.

आबिस्को हेच ठिकाण का?

आबिस्को हे आर्क्टिक वृत्ताच्या साधारण २०० किलोमीटर उत्तरेला, तोर्नेत्रेस्क नावाच्या लांबलचक तलावाच्या काठी वसलेलं छोटंसं गाव आहे. किरुना या खाणीच्या शहरातून नॉर्वेतल्या नार्विक बंदराकडे जाणारी रेल्वे इथूनच जाते. रात्री अंथरुणात पडलं की लोहखनिजाच्या मालगाड्यांचा आवाज ऐकू येतो.

इथल्या संशोधन केंद्रात १९१३ पासून हवामानाच्या नोंदी सलग ठेवल्या जातात. १९१३ ते २००६ या काळात इथलं वार्षिक सरासरी तापमान सुमारे २.५ अंश सेल्सियसने वाढलं आणि शून्याच्या खाली असलेली सरासरी शून्याच्या वर आली. कागदावर हा बदल किरकोळ वाटतो. पण सरासरी शून्याखाली असते तेव्हा जमीन गोठलेली राहू शकते आणि शून्यावर गेली की तीच जमीन हळूहळू वितळू लागते, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

जी जमीन सलग किमान दोन वर्षं शून्य अंशाच्या वर जात नाही तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. तिच्या वरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. या वरच्या थराला 'सक्रिय थर' म्हणतात. आबिस्को परिसरातल्या दलदलींमध्ये या थराची खोली १९७८ पासून मोजली जात आहे. पहिल्या तीनेक दशकांच्या नोंदींनुसार हा थर दरवर्षी साधारण एक सेंटीमीटरने जाड होत गेला.

एका वर्षात एक सेंटीमीटर, हा आकडा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

सकाळ: कपड्यांमागचं भौतिकशास्त्र

आपल्याकडून जाणारी बहुतेक मुलं एक जाडजूड जॅकेट घेऊन जातात आणि आतमध्ये नेहमीचा सुती टी-शर्ट घालतात. तिथे हे चालत नाही. जुलैमध्ये आबिस्कोचं सरासरी तापमान ११-१२ अंशांच्या आसपास असतं. महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटेसारखं वाटेल. पण महाबळेश्वरला तुम्ही आठ तास दलदलीत गुडघे टेकून बसत नाही.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. सामान पाठीवर घेऊन चालताना घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं, आणि मोजमापासाठी थांबलात की तो ओला कपडा अंगातली उष्णता बाहेर खेचत राहतो. लोकर ओली झाली तरी तिच्यात बरीच हवा अडकून राहते, म्हणून ऊब टिकते. त्यामुळे आत लोकरीचा पातळ थर, मध्ये फ्लीस आणि वर वारा-पाऊस अडवणारं हलकं जॅकेट, अशी तीन थरांची पद्धत असते. चालायला लागण्याआधी मधला थर काढायचा आणि थांबल्यावर लगेच घालायचा. निघताना किंचित गार वाटलं पाहिजे, असं तिथले लोक सांगतात. सुरुवातीला हे पटत नाही. पहिल्या चढावर पटतं.

आबिस्कोत पाऊस फार पडत नाही. आजूबाजूचे डोंगर ढग अडवतात, त्यामुळे वर्षभरात जेमतेम ३०० ते ३५० मिलिमीटर. मुंबईत एकट्या जुलैमध्ये याच्या दुपटीहून जास्त पडतो. पण तिथली रिपरिप आणि वारा एकत्र आले की आपला धो-धो पाऊस बरा वाटतो.

यात डेटाचा प्रश्न कुठे आला? हातात. शरीर गारठलं की ते आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी करतं. बोटं बधिर होतात, लहान स्क्रू पकडता येत नाही, अक्षर बिघडतं. संध्याकाळी वही उघडली की तो १ होता की ७, हे कुणालाच सांगता येत नाही. त्या क्षणी ते सॅम्पल गेलं असं समजायचं. आमच्याकडे नियम होता: बोटं अंगठ्याला टेकवता येत नसतील तर काम थांबवायचं, हातमोजे घालायचे, गरम काहीतरी प्यायचं आणि मगच पुढचा आकडा. हा वेळ कामाच्याच तासांत धरला जायचा.

फील्डवर: चार साधी कामं

बाहेरून पाहणाऱ्याला आर्क्टिक संशोधन म्हणजे फार मोठी यंत्रं वाटतात. स्वयंसेवकाच्या वाट्याला येणारी कामं मात्र साधी असतात. साधी म्हणजे सोपी नव्हेत.

पहिलं, सळई. सेंटीमीटरच्या खुणा असलेली पोलादी सळई जमिनीत सरळ खाली ढकलायची. गोठलेला थर लागला की ती थांबते. तिथला आकडा म्हणजे सक्रिय थराची खोली. दगड लागला तर हाताला कडक, टणत्कार झाल्यासारखा धक्का बसतो, बर्फाळ माती लागली तर तो बोथट वाटतो. हा फरक पुस्तकात वाचून येत नाही. जुन्या माणसाबरोबर शंभरेक वेळा सळई खुपसल्यावर येतो.

आता तो एक सेंटीमीटर आठवा. समजा खरी खोली ६० सेंटीमीटर आहे आणि तुमची सळई उभ्या रेषेपासून १० अंश कलली. वाचन येईल जवळपास ६१. म्हणजे हवामानबदलामुळे वर्षभरात जेवढा फरक पडतो तेवढा तुमच्या मनगटाने एका सेकंदात तयार केला! मॉसचंही तसंच. पाय सळईच्या अगदी शेजारी ठेवलात तर मॉस दबतं, पृष्ठभाग खाली जातो आणि खोली कमी दिसते.

तुम्ही म्हणाल, शंभर ठिकाणी मोजलं की चुका आपोआप एकमेकींना खोडतील. अर्धं बरोबर आहे. चुका दोन प्रकारच्या असतात. यादृच्छिक चूक कधी जास्त, कधी कमी अशी होते. प्रत्येक वाचनात ३ सेंटीमीटरचा असा विस्कळीतपणा असेल आणि तुम्ही १०० बिंदू मोजलेत, तर सरासरीतली अनिश्चितता ३ भागिले १०० चं वर्गमूळ, म्हणजे ०.३ सेंटीमीटरवर येते. पण पद्धतशीर चूक एकाच दिशेने होते. थकलेला माणूस प्रत्येक वेळी सळई थोडी कललेलीच धरतो. इथे शंभर काय, हजार बिंदू मोजलेत तरी ती चूक तशीच राहते. संख्याशास्त्राच्या पेपरात आपण हे दोन ओळींत लिहून मोकळे होतो. तिथे ते संध्याकाळी पाच वाजता, ओल्या मोज्यांनिशी, ऐंशीव्या बिंदूवर समजतं. म्हणून दुपारच्या जेवणाची सुट्टी कुणीही चुकवायची नाही आणि काही बिंदू दोन वेगवेगळ्या माणसांनी मोजून फरक नोंदवायचा, असा नियम असतो.

दुसरं काम, वायूचं मोजमाप. पर्माफ्रॉस्ट वितळला की जमीन खचते, पाणी साचतं, आणि ऑक्सिजन नसलेल्या त्या चिखलात सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. गावापासून दहाएक किलोमीटर पूर्वेला असलेली स्टोरडालेनची दलदल या अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. पद्धत अशी: जमिनीवर एक बंद पेटी ठेवायची, ठरावीक मिनिटांनी सिरिंजने आतली हवा काढायची आणि मिथेनचं प्रमाण किती वेगाने वाढतंय ते पाहायचं. त्या आलेखाचा उतार म्हणजे उत्सर्जनाचा वेग. यात गोम अशी की तुम्ही शेजारी पाय आपटलात तर चिखलात अडकलेले बुडबुडे तुमच्या वजनानेच वर येतात आणि आलेख उगाच उडी मारतो. म्हणून अशा ठिकाणी लाकडी फळ्यांच्या पायवाटा केलेल्या असतात आणि त्यावरून खाली उतरायचं नसतं. जुलैत डासांचे थवे अंगावर आले तरी नाचायचं नाही! डोक्यावर जाळी घ्यायची आणि शांत बसायचं. आणखी एक, डास पळवणाऱ्या डीईईटीसारख्या औषधांनी काही प्रकारचं प्लास्टिक विरघळतं. उपकरणाला हात लावण्याआधी तळवे पुसून घ्यायचे.

तिसरं काम, फुलं पाहणं. गावामागच्या नुओल्या डोंगरावर तोर फ्रीस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१७ ते १९१९ या काळात एक ठरावीक वाट आखून, कोणत्या उंचीवर कोणती वनस्पती कधी फुलते याच्या नोंदी केल्या होत्या. शंभर वर्षांनी, २०१७ पासून, संशोधकांनी त्याच वाटेवर पुन्हा नोंदी घ्यायला सुरुवात केली. तुलना करता आली कारण पहिल्या माणसाने कुठे उभं राहून काय पाहिलं हे नीट लिहून ठेवलं होतं. याला ऋतुजैविकी म्हणतात. काम काय, तर ठरावीक दिवशी ठरावीक पट्ट्यातून चालायचं आणि प्रत्येक प्रजातीची अवस्था लिहायची: कळी, उमललेलं फूल, फळ, पिवळं पान. आज कंटाळा आला म्हणून उद्या जाऊ, असं करता येत नाही. तिथला उन्हाळा इतका छोटा असतो की काही झाडांचा पूर्ण बहर आठवड्याभरात उरकतो.

चौथं काम आपल्याला सगळ्यात जवळचं, चहाच्या पिशव्या पुरायच्या! २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही 'टी बॅग इंडेक्स' पद्धत जगभर वापरतात. ग्रीन टी आणि रुइबोस अशा दोन प्रकारच्या पिशव्या वजन करून ८ सेंटीमीटर खोल पुरायच्या, साधारण तीन महिन्यांनी काढायच्या, वाळवून पुन्हा वजन करायचं. ग्रीन टी लवकर कुजतो, रुइबोस हळू. दोन्हींत घटलेल्या वजनावरून त्या मातीत कुजण्याचा वेग किती आहे याचा अंदाज येतो. सगळीकडे तीच पिशवी असल्यामुळे स्वीडनची माती आणि सह्याद्रीची माती एका मापाने मोजता येते. चहा वाया घालवला म्हणून घरच्यांनी मला फोनवर बरंच ऐकवलं, ते वेगळं.

वही

पेन नाही, पेन्सिल. थंडीत पेनाची शाई अडते आणि ओल्या कागदावर पसरते. शक्यतो ओल्यावरही लिहिता येईल अशा कागदाची वही घ्यायची. मोबाइलवर विसंबायचं नाही, गारठ्यात बॅटरी भराभर उतरते. मोबाइल आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवायचा.

प्रत्येक पानावर तारीख, वेळ, ठिकाण, हवामान आणि मोजणाऱ्याचं नाव. नाव दोष देण्यासाठी नसतं. पुढे विश्लेषणात दोन निरीक्षकांमधला फरक वेगळा काढता यावा म्हणून असतं. चुकलेला आकडा खोडायचा नाही, त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर आकडा लिहायचा. आणि ही गोष्ट तर भिंतीवर लिहून ठेवा: मोजलं नाही म्हणजे शून्य नव्हे. पेटी वाऱ्याने उडाली तर 'पेटी उडाली' असं लिहायचं. रिकामी चौकट ठेवलीत तर सहा महिन्यांनी कुणीतरी तिथे ० भरेल आणि ते शून्य सरासरीत जाऊन बसेल.

सक्रिय थर सर्वात खोल वितळतो तो सप्टेंबरच्या अखेरीस. तोवर मी भारतात परतलेली होते. ते मोजमाप दुसऱ्या कुणीतरी केलं, त्याच खुणांवर, माझ्या वहीतल्या टिपा वाचून. १९७८ पासूनची ही मालिका अशीच पुढे सरकत आली आहे. एकाने मोजायचं, लिहायचं आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचं.

संध्याकाळ, जी होतच नाही

मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आबिस्कोत सूर्य मावळत नाही. ऐकायला भारी वाटतं. पहिले तीन दिवस खरंच भारी असतं. नंतर लक्षात येतं की अंधार हे आपलं 'आता पुरे' सांगणारं घड्याळ होतं. उजेडामुळे मेलाटोनिन हे झोपेची सूचना देणारं संप्रेरक कमी तयार होतं. रात्री अकराला ऊन असतं, अंगात उत्साह असतो, "आणखी दहा बिंदू मोजून टाकू" असं वाटतं. पाच दिवसांनी त्याचे परिणाम सळईवर दिसतात.

म्हणून डोळ्यांवरची पट्टी नेणं जॅकेटइतकंच आवश्यक आहे. झोपायची वेळ घड्याळावर ठरवायची, खिडकीबाहेर बघून नाही. हिवाळ्यात जाणार असाल तर उलटं. डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. तेव्हा झोप अनावर होते आणि मन खाली जातं. याला कमकुवतपणा समजू नका. सोबतच्या माणसांना सांगा, दुपारच्या संधिप्रकाशात रोज बाहेर पडा.

स्वयंपाकघर आणि माणसं

सामायिक स्वयंपाकघरात तुमची खरी ओळख होते. गावात छोटं दुकान आहे, मोठी खरेदी किरुनाला. तांदूळ, मसूर, बटाटे, गाजर, ओट्स, कडक राय ब्रेड सहज मिळतं. फिल्मयोल्क नावाचं आंबवलेलं दूध मिळतं, त्याची कढी उत्तम होते. घरून नेताना एक नियम पाळा: युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच ठेवा. गोडा मसाला आणि भाकरवडी न्या. दिवसभर थंडीत काम केल्यावर भूक दीडपट लागते, तेव्हा डबा नेहमीपेक्षा मोठा भरा.

घरात शिरताना बूट बाहेर काढतात, याबाबतीत आपण निश्चिंत. कपडे धुण्यासाठी सामायिक मशीनची वेळ आधी नोंदवायची असते आणि दुसऱ्याची वेळ घेणं तिथे फार वाईट समजतात. रोख पैसे जवळजवळ कुणी घेत नाही, कार्ड लागतं.

प्राध्यापकांना 'सर' म्हणायचं नाही, नावाने हाक मारायची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडिश समाजाने अहो-जाहो जवळपास सोडून दिलं. आपल्या जिभेला हे जड जातं. पण त्याचा उपयोगही आहे. "हा बिंदू मला शंकास्पद वाटतो" असं पहिल्या आठवड्यातल्या स्वयंसेवकाने म्हणावं, अशी तिथे अपेक्षाच असते. गप्प बसणं म्हणजे नम्रपणा, असं कुणी समजत नाही. शंका न विचारता आकडा लिहून टाकणारा माणूस त्यांना अडचणीचा वाटतो.

सकाळ-दुपार कॉफीसाठी सगळे एकत्र बसतात, त्याला 'फीका' म्हणतात. चहा-कॉफी फिकी असते म्हणून नव्हे! ही सुट्टी टाळून कामात डोकं घालून बसू नका. कुणाची पेटी गळतेय, कोणत्या वाटेवर पूर आलाय, कुणाला पुढच्या वर्षी विद्यार्थी हवाय, हे सगळं तिथेच कळतं.

आणि हा प्रदेश रिकामा नाही, हेही लक्षात असू द्या. ही सामी लोकांची भूमी आहे. डोंगरावर दिसणारे रेनडिअर जंगली नाहीत, त्यांच्या कळपांचे मालक आहेत. कळप दिसला की थांबायचं, त्यांना जाऊ द्यायचं, फोटोसाठी मागे लागायचं नाही.

एकटेपणा येतो. आजूबाजूचे लोक मदतीला तत्पर असतात, पण उगाच चौकशी करत नाहीत. आपल्याकडे शेजारी विचारतात तसं "जेवलीस का गं?" कुणी विचारणार नाही. आठवड्यातून दोन ठरावीक वेळा घरी फोन करा. रोज तासन् तास केलात तर तुम्ही मनाने तिथे पोचतच नाही.

आता हिशेब

विनावेतन म्हणजे फुकट नव्हे. कुणीतरी पैसे देतंच. राहणं, जेवण, विमान, व्हिसा, विमा, कपडे यातलं काहीच गट देत नसेल, तर तो खर्च तुमचे आईवडील देत आहेत आणि त्या संशोधनाला तुमच्या घरातून अनुदान मिळतंय. हे स्पष्ट बोलायला हवं, कारण अशा संधी मग फक्त ऐपत असलेल्यांनाच मिळतात आणि पुढे पीएचडीच्या अर्जात त्याच 'अनुभव' म्हणून उठून दिसतात.

म्हणून होकार देण्याआधी हे प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

१. राहण्याचा आणि फील्डवरच्या जेवणाचा खर्च कोण करणार? प्रवासखर्चातला काही भाग मिळेल का?

२. निमंत्रणपत्रात कामाचं स्वरूप काय लिहिणार आणि त्यासाठी कोणता व्हिसा लागेल? शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. त्याहून अधिक राहायचं तर निवास परवाना लागतो. विनावेतन असलं तरी ते 'काम' धरलं जाईल का, हे दूतावासाकडून पडताळून घ्या.

३. विमा कशाकशाचा? शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पण डोंगरात काम करताना झालेला अपघात त्यात बसतो का, हे वेगळं विचारा.

४. दिवसाचे तास किती, आठवड्याची सुट्टी कोणती, फील्डवर एकटं पाठवलं जाईल का? एकटं पाठवत असतील तर संपर्काची काय सोय?

५. या डेटातला एखादा भाग मला माझ्या प्रबंधासाठी वापरता येईल का?

६. पेपरमध्ये माझं नाव कुठे येईल? अनेक नियतकालिकं पाळतात त्या आयसीएमजेईच्या निकषांनुसार नुसता डेटा गोळा केल्याने लेखकपद मिळत नाही. लेखनात किंवा त्याच्या चिकित्सक सुधारणेत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी, हे सगळं लागतं. फक्त मोजमाप केलंत तर आभारात नाव येईल. त्यात कमीपणा नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

चांगला गट या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट तुम्ही गंभीर आहात असं समजतो. राहण्याची सोय नाही, विमा नाही आणि वर तुमच्याकडूनच शुल्क मागत असतील, तर ती सहल आहे असं समजा. सहलीसाठी कर्ज काढू नका.

जाता आलं नाही तर?

तर तुमची पात्रता कमी होत नाही. या लेखातली बहुतेक कौशल्यं घराजवळ शिकता येतात. कॉलेजच्या आवारातली पाच झाडं निवडा. दर आठवड्याला त्याच दिवशी, त्याच जागी उभं राहून पालवी, कळी, फूल, फळ यांच्या नोंदी करा. भारतात सीझनवॉच हा उपक्रम नेमक्या अशाच नोंदी नागरिकांकडून गोळा करतो. मित्राला तीच झाडं वेगळी पाहायला सांगा आणि दोघांच्या नोंदींत किती फरक पडतो ते मोजा. वर्षभराची अशी एक स्वच्छ वही मुलाखतीत टेबलावर ठेवलीत तर विमानाच्या तिकिटापेक्षा तिचं वजन जास्त पडतं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

ध्रुवीय संशोधनातच जायचं असेल तर आपल्याकडेही रस्ता आहे. गोव्यात वास्को इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ मध्ये गेली आणि २००८ पासून स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंड इथे 'हिमाद्री' हे भारतीय केंद्र चालतं. तुमच्या विभागातल्या कुणी मोहिमेसाठी प्रस्ताव दिला आहे का, याची चौकशी आजच करा.

आणि जायचं ठरलंच, तर सामान बांधायच्या यादीत सगळ्यात वर लोकरीचे मोजे लिहा. चार जोड. पाय कोरडे राहिले की सळईही सरळ राहते.